लळिंग तापीत टाकणारा माणूस

लोटननानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गेले असं समजून मी पायातल्या चपला काढल्या होत्या.

अडुसष्ट साल असावं. धुळ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला माझी नेमणूक झाली होती आणि भाड्याच्या खोल्या शोधत मी पांझरा नदीच्या काठाकडे गेलो होतो. दसरा होऊन गेला होता, पण ऑक्टोबरचं ऊन डोकं फोडत होतं. कुणीतरी सांगितलेलं ते आवार सापडलं. फाटक उघडंच होतं. आत दोन एकरांत नुसते खड्डे, उंचवटे आणि काटेरी झुडपं. आणि त्याच्या मधोमध साठीचा एक माणूस पालथा पडलेला. पांढरी टोपी बाजूला, एक गाल मातीला टेकलेला, हालचाल काही नाही.

ऊन लागलं असणार म्हणून मी फाटकाजवळच्या रांजणातलं तांब्याभर पाणी घेऊन धावलो. त्यांच्या डोक्यावर ओतणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

"तठे पाय नका ठेवू. तठे लेवल शे."

इथल्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे', एवढं मला ठाऊक झालं होतं; मी एका पायावर थांबलो. त्या माणसाचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा जमिनीवरून सरपटत कुठेतरी लांब लागला होता.

"पाणी आणलं का? बरं केलं. सांडा इथं. हळू."

मी सांडलं. ओघळ त्यांच्या नाकासमोरून वाट काढत डावीकडे गेला.

"पानी काय सांगस?" त्यांनी मला विचारलं.

मला पाणी काहीच सांगत नव्हतं. तसं मी कबूल केलं.

"उभ्या माणसाला नाही सांगत. खाली या, डोळा लावा."

आणि मी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत, त्यांच्या शेजारी पालथा पडलो. खोल्या मला अशा मिळाल्या.

लोटननाना चौतीस वर्षं आग्रा रोडवर मुकादम होते. खडी पसरणं, मुरूम दाबणं, रस्त्याला पोट आलं की ते आत घालणं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं घर बांधतात, शेती घेतात. नानांनी बंद पडलेल्या वीटभट्ट्यांची जागा घेतली. भट्टीवाल्यांनी जिथे माती बरी दिसली तिथे खणलं होतं, जिथे कंटाळा आला तिथे राख टाकली होती आणि मग ते निघून गेले होते. "नाना, इथं बकरीसुद्धा सरळ उभी राहत नाही," असं लोकांनी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "म्हणूनच घेतली."

एका कोपऱ्यात त्यांचं घर, त्याला लागून आमच्या दोन खोल्या, पलीकडे एक जुनं कडुनिंबाचं झाड. बाकी सगळं सपाट करायचं, हा त्यांचा पण.

सपाटीचं हे वेड आवारापुरतं राहतं तर ठीक होतं. लग्नाच्या पंगतीत बसले की नाना पत्रावळीवरचं वरण कुणीकडे पळतं ते बघत आणि मांडववाल्याला हाक मारत. देवळात साष्टांग नमस्कार घातला की पाच पाच मिनिटं उठत नसत. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांच्या भक्तीचं उदाहरण द्यायच्या. खरं कारण मला माहीत होतं. सभामंडपाची फरशी आग्नेयेला उतरती होती आणि ते नानांच्या जिवाला लागलं होतं.

आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी माझ्या खाटेखाली डोकं घातलं. "मास्तर, तुमचं डोकं पायांपेक्षा दोन सूत खाली शे. स्वप्नं पडत असतील." पडत होती. नानांनी खिशातून लाकडाची पाचर काढून खुराखाली ठोकली. माझी बायको मालती नवीनच लग्न होऊन आलेली, रत्नागिरीकडची. ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती. नाना गेल्यावर तिने मला विचारलं, "इथे सगळे असेच असतात का?"

एखाद्या माणसाबद्दल नाना फार चांगलं बोलले तर ते एवढंच म्हणत, "लेवलमधला शे." याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती.

या सगळ्याचा खरा त्रास होता तो गोदाअक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला. सरकारी माणसांकडे असतो तो बुडबुड्याचा लेवल नानांना चालत नसे. त्यांना लागे अक्कांची पितळी परात. ती जमिनीवर ठेवायची, काठोकाठ पाणी भरायचं आणि कुठल्या बाजूने आधी सांडतं ते बघायचं. त्यामुळे रोज सकाळी आमच्या भिंतीपलीकडून एकच आरोळी यायची.

"मन्ही परात कोठे गयी?"

"कामावर गयी," नाना लांबून ओरडत.

"आते कनीक कसामा मळू? तुमनी टोपीमा?"

मग अक्का तवा पालथा ठेवून, हातात लाटणं घेऊन आवारात जायच्या, परातीतलं पाणी झुडपावर ओतायच्या आणि परात काखोटीला मारून परत यायच्या. तासाभराने परात पुन्हा कामावर. त्या घरच्या पोळीत कधी कधी मुरूम लागायचा. मी स्वतः चावलेला आहे.

आवारात दोन मोठी ठिकाणं होती. एक भट्टीच्या जळक्या विटांचा आणि राखेचा ढीग, दोन पुरुष उंच, दगडासारखा घट्ट झालेला. दुसरा तेवढाच खोल खड्डा. ढिगाला नानांनी धुळ्याजवळच्या डोंगराचं नाव दिलं होतं, लळिंग, आणि खड्ड्याला नदीचं, तापी. नानांचा बेत सोपा होता. लळिंग उचलायचा आणि तापीत टाकायचा.

त्यांच्या मदतीला जुन्या टोळीतला हिलाल यायचा, बैलजोडी घेऊन. हिलाल दिवसाकाठी चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन बैलांशी. नाना पहारीने ढीग फोडत, हिलाल बैलांमागे जाड फळी जोडून माती ओढून नेई, खड्ड्यात टाकली की दोघं मिळून धुम्मस घेऊन ती चोपत. शाळेतून आलो की मीही घमेलं उचलायचो. एकदा बोलता बोलता मी त्यांना नकाशावरच्या समोच्च रेषा दाखवल्या. एकाच उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात त्या. नाना एका रेषेवरून बोट फिरवत गेले. मग म्हणाले, "म्हणजे मी सुतळी लावतो तसंच की! हे पुस्तकात शे? आणि पोरांना शिकवता?" त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मला किंमत आली. इतके दिवस मी नुसता भाडेकरू होतो.

संक्रांतीनंतर माती दाबायला रोलर हवा झाला. आमच्या शाळेच्या मैदानात दगडाचा एक जुना रोलर गवतात पडून होता. मी हेडमास्तरांची परवानगी काढली, आणि एका रविवारी सकाळी नाना, हिलाल, त्याचे बैल आणि मी असे तो आणायला गेलो.

वाटेत रतनशेठचं किराणा दुकान लागायचं. रतनशेठ मारवाडी, मनाने फार चांगला माणूस, पण नानांचा आणि त्यांचा एक जुना वाद होता. नानांचं म्हणणं, त्या गल्लीला दुकानाकडे ढाळ आहे. शेठचं म्हणणं, "नाना, बारा वर्षं मी इथे बसतोय. रस्ता एकदम सपाट." दर चार दिवसांनी वाण्याकडे गेलं की हा वाद व्हायचा, आणि नाना गूळ विसरून घरी यायचे.

रोलर घेऊन परत येताना त्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि रोलरला बांधलेला दोर तुटला.

क्षणभर रोलर विचार केल्यासारखा थांबला. मग निघाला. आधी हळू, मग चालत, मग चांगल्या वेगात. मी ओरडलो. हिलाल बैलांना म्हणाला, "थांबा," हे त्या दिवसाचे त्याचे सगळे शब्द. आणि नाना? नाना रोलरच्या पुढे धावत सुटले होते. दोन्ही हात वर, टोपी उडालेली, आणि तोंडाने, "बाजूला व्हा! बाजूला व्हा! ढाळ शे! मी सांगत होतो, ढाळ शे!" माणसं ओट्यांवर चढली. एक सायकलवाला सायकल सोडून पळाला. रोलर सरळ रतनशेठच्या दुकानाशी गेला आणि शेंगदाण्याच्या पोत्यांवर जाऊन अलगद टेकला.

शेठ तराजू हातात धरून तसेच उभे होते. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात वजन.

नाना धापा टाकत पोहोचले. "शेठ," ते म्हणाले, "आता बोला."

शेठनी रोलरकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, फुटलेल्या पोत्याकडे पाहिलं. मग तराजू खाली ठेवला आणि हात जोडले. "नाना, ढाळ है."

नानांना इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शेठना मिठी मारली. शेंगदाणे वेचायला आम्ही सगळे बसलो, आणि शेठनी सगळ्यांना दूध पाजलं.

हे सगळं कशासाठी, हे मात्र कळत नव्हतं. मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळे. कधी म्हणत मिरच्या वाळवायला. कधी, पावसाळ्यात डास होतात म्हणून. एकदा म्हणाले, "कुणाचं लग्न निघालं तर मांडवाला जागा हवी." घरात लग्नाचं कुणी नव्हतं, नाना-अक्कांना मूलबाळ नव्हतं.

होळी झाली. लळिंग तापीत गेला होता. आवार असं झालं होतं की पांझरेवरून येणारी माणसं फाटकाशी थांबून बघत. माझ्या मते काम संपलं होतं. पण नानांचं संपेना. आज या कोपऱ्यात एक सूत कमी, उद्या त्या कोपऱ्यात अर्धं सूत जास्त. चोपलेलं पुन्हा उकरत आणि पुन्हा चोपत. हिलाल कंटाळून त्याच्या गावी निघून गेला. नाना एकटेच परात घेऊन फिरत राहिले, आणि गंमत म्हणजे त्यांचा चेहरा उतरत चालला होता. ते पाण्याला काही विचारतही नव्हते.

एक दिवस दुपारी मालती अक्कांकडे कुरडया घालायला गेली होती आणि मी चहाच्या आशेने ओट्यावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "अक्का, नानांना काय झालंय? अंगण तर केव्हाच झालं."

अक्कांनी सोऱ्या खाली ठेवला. "व्हयनं ना, तेच तर दुखणं शे," त्या म्हणाल्या. "आता जामनेरले जावं लागी."

मग त्यांनी सांगितलं. नानांना एक धाकटी बहीण. चंद्रा तिचं नाव. जामनेरला दिलेली, सुपडूभाऊ नावाच्या कापसाच्या शेतकऱ्याला. अठरा वर्षांपूर्वी सुपडूभाऊंनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला दोनशे पान बोलावलं. नाना मुकादमीच्या ऐन भरात होते. ते गेले, पाय धुतले आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत नव्या ओट्यावर पालथे पडले. एक डोळा मिटला. आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "ढाळ आतल्या बाजूला शे. पावसात पाणी घरात येईल."

सुपडूभाऊ मानी माणूस. म्हणाले, "तुमचे पाय आमच्या ओट्याला पुन्हा नकोत."

"एवढ्यावरून?" मी विचारलं.

"एवढ्यावरून नाही. तेवढं तर चार महिन्यांत मिटलं असतं," अक्का म्हणाल्या. "पण त्या पावसाळ्यात पाणी खरंच घरात आलं. मग कसं मिटणार?"

अठरा वर्षं बहीण आखाजीला माहेरी आली नव्हती. खानदेशात अक्षय्य तृतीयेला म्हणजे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. भावाने जाऊन आणायचं असतं. नाना गेले नव्हते आणि तिकडून कुणी बोलावलं नव्हतं. गेल्या वर्षी जामनेरच्या बाजारातून आलेल्या कुणीतरी सांगितलं, चंद्राचे गुडघे गेलेत, भिंत धरून चालते.

"तवापासून हे सुरू," अक्का आवाराकडे हात करून म्हणाल्या. "म्हणे, या खड्ड्यांत ती कशी चालेल? आधी जागा सारखी करतो, मग आणायला जातो. आता जागा सारखी झाली, आणि यांचे पाय उचलत नाहीत. म्हणून कोपरे उकरत बसलेत."

आखाजीला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का नेहमीसारख्या लाटणं घेऊन आवारात गेल्या, नानांच्या हातातली परात काढून घेतली आणि ती कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

"आते व्हई गयं," त्या म्हणाल्या. "निंघा."

नाना माझ्याकडे वळले. चौतीस वर्षं चाळीस माणसांच्या टोळीवर ओरडलेला तो मुकादम हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही येता का बरोबर?"

धुळे ते जळगाव आणि जळगाव ते जामनेर, एसटीत नाना खिडकीला टेकून बसले होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. जामनेरला उतरल्यावर मात्र त्यांनी माझा दंड धरला. "मी खाली बघायला लागलो तर मला चिमटा काढा."

सुपडूभाऊ ओट्यावरच बसले होते. उंच, कोरडा माणूस. त्यांनी "या" म्हटलं. आम्ही बसलो. नानांनी मान वर केली आणि ती वरच ठेवली. पाणी आलं, तेही त्यांनी आढ्याकडे बघत प्यायलं. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

आतून भिंतीला हात लावत एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई आली. उंबऱ्यात थांबली.

"उनास रे भाऊ?" आलास का, एवढंच तिने विचारलं.

नानांनी मान हलवली, तीही वर बघतच.

"वर काय बघताय?" सुपडूभाऊ एकदम खेकसले. "वर कौलं आहेत. खाली बघा. ओटा बघा."

"नको," नाना म्हणाले.

"बघा म्हणतो ना! पुढच्याच उन्हाळ्यात उखडून पुन्हा केलाय. तुम्ही सांगितला तसा. तेव्हापासून आत थेंब नाही."

नानांची मान हळूहळू खाली आली. "मग कळवायचं ना, पाहुणे!"

"कळवलं असतं तर तुम्ही लगेच तपासायला आला असता."

"आलो असतो," नाना म्हणाले.

"मग? माझी काही इज्जत आहे की नाही?"

चंद्राबाई उंबऱ्यातच खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. "अठरा वर्षं!" त्या मला, एका परक्या माणसाला, सांगत होत्या, "अठरा वर्षं हे दोघे माझ्या जिवावर रुसले, आणि ओटा तर नीटच होता!"

सुपडूभाऊंनी घसा साफ केला. "आता आलाच आहात तर लावा डोळा."

नानांनी टोपी काढली आणि पालथे पडले. मिनिटभराने ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "लेवलमधला शे." सुपडूभाऊ झटकन दुसरीकडे वळले आणि कुणाला तरी उगाच चहासाठी ओरडले.

आखाजीच्या दिवशी आवार फुलून गेलं होतं. कडुनिंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी आल्या होत्या, रतनशेठची सून आली होती. मालतीला माहेर लांब म्हणून अक्कांनी सकाळीच बांगड्या भरून सांगितलं होतं, "आज तू मन्ही लेक." खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, सगळीकडे नुसता घमघमाट. चंद्राबाई काठी न घेता फाटकापासून झाडापर्यंत चालत गेल्या, एकदाही न अडखळता. बायकांनी त्यांना उचलूनच झोक्यावर बसवलं.

नाना मात्र कुठे दिसेनात. मला वाटलं, कुठे तरी कोपऱ्यात पालथे असतील. मी घराच्या मागे गेलो. तिथे भिंतीला पाठ लावून ते उकिडवे बसले होते, भर उन्हात.

"नाना, इथे काय करताय? पुढे चला, बघा तरी."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढून झोक्याची करकर आणि बायकांचं गाणं ऐकू येत होतं. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं.

"या गाण्यात जी झोक्यावर असते ती आपल्या भावाचं नाव घालते," ते हळू आवाजात म्हणाले. "समोर बसलो तर लाजेल. नाही घेणार."

मीही त्यांच्या शेजारी भिंतीला टेकलो. गाणं चालू होतं. एकीचा आवाज थांबला, दुसरीचा सुरू झाला. मग एक थकलेला, जरासा फाटका आवाज आला. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसऱ्या ओळीत, अगदी स्पष्ट, "लोटन भाऊ".

नानांनी डोळे मिटले. या खेपेला दोन्ही.

तेवढ्यात अक्का ताट घेऊन मागच्या दाराशी आल्या. "उठा, जेवी ल्या," त्या म्हणाल्या. "रस गरम व्हई राह्यना."

नानांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांब जराशी," ते म्हणाले. "आजून एक कडवं शे."